कावळ्याला दिलेला शब्द

“अरे, ही माणसं मरत का न्हाईत?”

रंगनाथआप्पा माझ्या दुकानाच्या दारात उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की समोर हायवेवरून चाललेल्या कंटेनरवाल्याला वाटलं मागून कुणी हॉर्न देतंय, आणि त्या बिचाऱ्यानं गाडी बाजूला घेतली. मी मशिनवर एका भावी सरपंचाचा वाढदिवसाचा फ्लेक्स छापत होतो. त्याचं तोंड नाकापर्यंत छापून झालं होतं, ते तसंच थांबवलं.

“कोण मरत नाही, आप्पा?”

“भाडेकरू! चाळीतले! जत्रा भरावी तशी माणसं येऊन राह्यली, वर्षं झाली, आन् एक दहावा न्हाई. एक बी न्हाई! आता तूच सांग, मत मागायला जायचं कुठं?”

परक्या माणसाला वाटलं असतं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर ऊन चढलंय. मला काहीच वाटलं नाही. शिक्रापूरच्या अंगाला, कंपन्यांच्या पट्ट्यात आमचं गाव. नाव सांगत नाही, कारण तिथल्या दोन्ही पॅनेलचे फ्लेक्स मीच छापायचो आणि दोन्ही पॅनेलला ‘यंदा तुम्हीच’ असं सांगायचो. त्या धंद्यामुळं आप्पांचं राजकारण मला आतून-बाहेरून ठाऊक. त्यांचं सगळं राजकारण दहाव्यावर उभं होतं.

आमच्याकडं दहावा म्हणजे नुसता विधी नव्हे. नदीच्या घाटावर मांडव, माईक, खुर्च्या, अर्धा तास प्रवचन आणि मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. आमदारकीला उभा राहणारा माणूससुद्धा सकाळी एका घाटावरून दुसऱ्या घाटावर पळत असतो. पण आप्पांपुढं ते सगळे हौशी. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल आणि मोटारसायकलच्या डिकीत जादा टोपी, कारण घाटावर कुणाच्या ना कुणाच्या डोक्याला ती कमी पडतेच. नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. आप्पांनी दोन्हीकडचा एकही घाट सोडला नाही. लेक कासुर्डीला दिली होती. लोक म्हणायचे, स्थळ बघताना आप्पांनी मुलाची शेती बघितली नाही, गावचा घाट बघितला.

सकाळी कुणी भेटलं की आपण विचारतो, काय चाललंय? आप्पा विचारायचे, “म्हाताऱ्याचा खोकला कसा हाय?” आणि म्हातारा ओट्यावर बसलेला दिसला, तर उभ्या उसाकडं तोडीच्या नजरेनं बघावं तसे त्याच्याकडं बघत राहायचे. आमच्या शेजारचे गेनूआबा तर आप्पांची मोटारसायकल वाजली की खोकला दाबून धरायचे. एकदा दाबता दाबता त्यांना उचकी लागली. आप्पा तेवढ्यावर आत येऊन चहा घेऊन गेले.

भाषण एकच. “आज आपल्या पंचक्रोशीतला एक वटवृक्ष कोसळला.” मेलेला माणूस शिलाई मशिनच्या पट्ट्याइतका रोड असो, तो वटवृक्षच. आप्पांनी आयुष्यात इतके वड पाडले की वनखात्याची नोटीस कशी आली नाही याचं मला नवल वाटतं. निमोण्याला एकदा एकाच सकाळी दोन दहावे आले. आप्पांनी पहिल्याचं भाषण दुसऱ्याला केलं. गेलेली होती बाई. आप्पा म्हणाले, “तरुणपणी यांनी तालमीत भल्याभल्यांना लोळवलं.” मग त्या बाईचा नवरा सावकाश उठला, हात जोडून म्हणाला, “खरं हाय.”

मी एकदा विचारलं, “आप्पा, लग्नांना का नाही जात एवढे?”

“लग्नात माणूस जेवणाकडं बघतो रे. कोण आलं, कोण गेलं, त्याला याद राहात न्हाई. पण रडणारा माणूस डोळं पुसता पुसता समदं बघत असतो. कोण आला, कोण शेवटपर्यंत बसला. आन् दुसरी गोष्ट. घर म्हंजी मतांचं गाठोडं. गाठ म्हाताऱ्याच्या हातात. म्हातारा गेला की ती गाठ कुणाच्या हातात जाती, ते दहाव्यालाच दिसतं. पोराला टोपी कोण घालतो, चुलता कुठं बसतो, जावई कुणाशी बोलतो. घाटावर बसून मी निकाल सांगतो, मतमोजणी कशाला पाहिजे?”

आणि सांगायचे. ग्रामपंचायतीतली वॉर्डाची जागा आधी त्यांच्या वडिलांकडं, मग त्यांच्याकडं, मग मुलाकडं. घरातल्या कपाटासारखी ती जागा घरातच होती.

पण आप्पांची खरी कला कावळ्यापाशी. पिंड मांडले, माणसं लांब सरकली, तरी कावळा शिवत नाही, म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग घरचे एकेक शब्द देतात. धाकट्याचं लग्न करू, म्हशीला विकणार नाही, बहिणीला अंतर देणार नाही. शब्द पटला की कावळा शिवतो. आणि कावळ्यापुढं दिलेला शब्द मोडायची आमच्याकडं कुणाची छाती नाही. कोर्टातली शपथ माणूस पायरी उतरेपर्यंत विसरतो. ही विसरत नाही.

दगडूतात्या गेले तेव्हा मी घाटावर होतो. तात्यांची भावकी विरोधी पॅनेलची, आणि कावळा काही येईना. झाडावर बसून मान वाकडी करून बघत होता, अगदी तात्यांसारखाच. घरच्यांचे शब्द संपले. माणसांच्या टाळक्यावर ऊन आलं. तेव्हा आप्पा पुढं झाले. “तात्या, तुमच्या नानाला सोसायटीवर संचालक घेतो.” कावळा हलला नाही. “बरं, व्हाईस चेअरमन.” कावळ्यानं पंख झटकले, पण फांदी सोडली नाही. “तात्या, हयातीत बी तुम्ही असंच ताणून धरायचा. चेअरमन! जावा!” आणि मी डोळ्यांनी पाहिलं, खोटं सांगत असेन तर माझ्या मशिनची शाई वाळो, तो कावळा दगड टाकल्यासारखा खाली आला, पिंडाला चोच मारली आणि आप्पांकडं बघून एकदा ओरडला. पावतीच दिली म्हणा. नाना चेअरमन झाला. सगळी भावकी आप्पांकडं आली.

असं हे चाललं होतं आणि मग कंपन्या आल्या.

आप्पांच्या हायवेकडच्या रानात पूर्वी ज्वारी व्हायची, तिथं खोल्या उगवल्या. पत्र्याच्या, ओळीनं, आप्पांनीच बांधलेल्या. सगळ्यांनीच बांधल्या. एका खोलीत चार पोरं, चौघं चार जिल्ह्यांची. एक लातूरचा, एक बिहारचा, एक कुठला ते त्यालाच मराठीत सांगता यायचं नाही. गाठोडंच नाही, सुटे दाणे! आप्पा चिडायचे ते यावर. “म्हातारा दाव मला एक, म्हातारा! समदी पंचविशीतली. खोकला सुदिक न्हाई कुणाला!” आणि कुणी चुकून गेलंच, तर गाडी करून मुलखाला न्यायचे. दहावा तिकडंच. नावं मतदार यादीत तिकडंच. एवढ्या माणसांचं गाव, आणि त्यात आप्पांच्या उपयोगाचा माणूस एकही नाही. आमच्या गावच्यांना तेच बरं वाटायचं. भाडं इथं द्या, मत तिकडं द्या.

त्या चाळीत पहिल्या खोलीत मंगलताई खानावळ चालवायच्या. परभणीच्या पलीकडं, गोदाकाठच्या. नवरा कंपनीत, बरोबर म्हातारी सासू. मंगलताई बोलायला एकदम कमी. आप्पांची दहा वाक्यं झाली की त्यांचं एक यायचं, तेही बहुधा “हो, मालक” एवढंच. अर्ध्या चाळीचा डबा त्यांच्याकडं. कोण कधी कामावर जातो, कोण कधी परततो, हे त्या बाईला पोळ्यांच्या हिशेबात पाठ.

मी सांगतोय त्या दिवशी, माझ्या दुकानात ओरडून आप्पा घरी गेले आणि आठवड्याच्या आत मंगलताईंची सासू गेली. आता याला योगायोग म्हणा. गेनूआबा म्हणाले, आप्पांचा आवाज वर पोचला.

आप्पा धावत माझ्याकडं. डोळ्यांत पाणी, खोटं नव्हे, खरंच. मेलेल्या माणसाबद्दल आप्पांना नेहमीच खरं वाईट वाटायचं. “मोठा फ्लेक्स काढ. चाळीची माउली हरपली, असं घाल. खाली माझा फोटो. लहान घाल, पण दिसला पाहिजे.” मी फ्लेक्स काढला. तो वाळेपर्यंत ॲम्ब्युलन्स म्हातारीला घेऊन परभणीच्या वाटेला लागली होती.

दुसरा माणूस गप्प बसला असता. आप्पांनी दहाव्याला जीप काढली. मलाही घातलं, कारण फ्लेक्स बांधणार कोण? आदल्या रात्री निघालो ते गोदावरीच्या घाटावर पोचेपर्यंत माझी हाडं वेगवेगळ्या पिशव्यांत भरावी लागली असती. आणि पोचल्यावर मला पहिली गोष्ट काय दिसली? ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, त्या आमच्या चाळीतला एकही माणूस तिथं नव्हता. सगळे आपापल्या शिफ्टला, शिक्रापूरच्या अंगाला. घाटावर होती ती त्या गावची माणसं. त्यांच्या मतांचा आप्पांना उपयोग, म्हणजे माझ्या फ्लेक्सचा जेवढा म्हशीला तेवढा.

मी हळूच म्हणालो, “आप्पा, हे आपले मतदार नाहीत.”

“गप बस. माईक कुठाय?”

आप्पांनी वटवृक्ष कोसळवला. असा कोसळवला, की बायका परत नव्यानं रडल्या. तिथला सरपंच घाबरला. मला बाजूला घेऊन विचारू लागला, “पाव्हणं इकडं काही जमीनबिमीन घेऊ लागलेत का? उभं ऱ्हायचा विचार हाय का?”

आणि मग पिंड मांडले, आणि कावळा येईना. मंगलताईंच्या नवऱ्यानं शब्द दिले, भावांनी दिले. काही नाही. एक म्हातारी म्हणाली, तिचा जीव सुनेत अडकलाय. सारखी म्हणायची, माझी सून ना इथली राहिली ना तिथली. इथं येती तर पाव्हणी, तिथं राहती तर भाडेकरीण. नळावर कुणी पण हाकलतंय.

आता इथं आप्पांनी गप्प बसायचं होतं. पण घाट, पिंड आणि रुसलेला कावळा दिसल्यावर आप्पा गप्प बसतील? पट्टीचा पोहणारा विहीर बघून कपडे सांभाळत बसत नाही. आप्पा टॉवेल सावरत पुढं गेले. “आजी, म्या रंगनाथ बोलतोय, तुमचा मालक. तुमच्या सुनंला आमच्या गावची करतो. तिचं नाव आमच्या यादीत लावतो.”

कावळा उठला, जरा जवळच्या फांदीवर आला आणि बसला.

आप्पांना चेव चढला. “एकटीचं न्हाई! समद्या चाळीचं लावतो! जावा, आजी!”

कावळा आला. घाटावरच्या माणसांनी हात जोडले. मंगलताईंनी पदर डोळ्याला लावला आणि आप्पांकडं पाहिलं. मी ती नजर बघितली आणि ओळखलं, ही बाई हा शब्द विसरणार नाही. आप्पा मात्र परतीच्या वाटेवर खुशीत. “बघितलंस? गाठोडं बांधलं का न्हाई? समदी चाळ आता आपली.”

गावात बातमी आली तशी आप्पांच्या ओट्यावर भावकी जमली. “आप्पा, डोकं फिरलंय का? ती माणसं यादीत आली तर आपल्या मतांना विचारतंय कोण?”

“शब्द दिलाय,” आप्पा म्हणाले.

“कुणाला?”

“कावळ्याला.”

चिडून चिडून सगळे गेले. आणि आप्पांनी शब्द पाळला. स्वतः दारोदार फिरून, मालक म्हणून संमती देऊन, लाइटबिलं काढून देऊन चाळीतल्या प्रत्येकाचं नाव लावलं. जी पोरं “क्या करना है, चाचा?” म्हणाली, त्यांना दंडाला धरून नेलं. बघता बघता शेजारच्या चाळींनी पण नावं लावून घेतली. त्यांचे मालक आप्पांना आडून शिव्या देत होते. आप्पा मात्र एकेक नाव लागलं की माझ्या दुकानात येऊन खुर्चीवर मांडी घालायचे. “आलं एक गाठोड्यात.”

मग निवडणूक लागली. जागा बायकांना राखीव. आप्पांच्या घरात मुहूर्तासारखी तयारी. सून शुभांगीवहिनी उभ्या राहणार हे त्यांच्या लग्नातच ठरलेलं. घराण्याची ती शेवटची उरलेली जागा. सोसायटी गेली होती, डेअरी गेली होती. “ही जागा गेली,” आप्पा मला म्हणाले होते, “की गावात मला कुणी विचारणार न्हाई. नुसता खोल्यांचा मालक राहीन मी.”

आणि मंगलताईंनी अर्ज भरला.

त्या सकाळी आप्पा ओरडले ते चाकणला ऐकू गेलं, असं तिकडून येणारा टेम्पोवाला सांगत होता. “माझ्याच खोलीत ऱ्हाती! माझ्याच लाइटबिलावर नाव! आन् माझ्याच सुनंच्या उरावर!” ते तसेच खानावळीत शिरले. मंगलताई पोळ्या लाटत होत्या.

“अहो बाई, तुम्हाला गावची केली ती काय यासाठी?”

“मालक, गावची केली म्हणूनच भरता आला ना अर्ज,” मंगलताई म्हणाल्या आणि तव्यावरची पोळी उलटली.

भावकी म्हणाली, खोली खाली करून घ्या, उद्या बिऱ्हाड दुसऱ्या गावात, संपलं. आप्पा ओट्यावर बसून बराच वेळ टोपी फिरवत होते. मग म्हणाले, “तिला अंतर दिलं तर म्हातारी परत फांदीवर येऊन बसंल. न्हाई जमायचं.” इतक्या वर्षांत मी आप्पांना लांड्यालबाड्या खूप करताना बघितलं. ही त्यातली एक सोपी होती, आणि ती त्यांनी केली नाही. का केली नाही म्हणून दिवसभर स्वतःवरच ओरडत होते.

प्रचारात आप्पा भावकी भावकी फिरले. मंगलताई फिरल्याच नाहीत. डबा देताना फक्त एकेकाला विचारायच्या, त्या दिवशी शिफ्ट कोणती? आणि सांगायच्या, मग तू कामाला जायच्या आधी ये. तू नाइटवरून येताना तसाच ये, नाष्टा नंतर. झाला प्रचार. एक पत्रक नाही, एक फ्लेक्स नाही. व्यावसायिक म्हणून मला त्याचा अजून राग आहे.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मी आणि आप्पा उभे. आमच्या गावाला रांगेत उभं राहणं म्हणजे अपमान. गावकरी झाडाखाली, पानटपरीवर, ‘गर्दी कमी झाली की जाऊ’ म्हणत बसलेले. आणि शाळेच्या दारातून थेट हायवेपर्यंत रांग. कंपनीचे निळे, करडे शर्ट, पाठीवर पिशव्या. कुणी बोलत नव्हतं, कुणी घुसत नव्हतं. गेटवर कार्ड दाबायला रोज उभी राहणारी माणसं ती. एक तुकडी गेली की दुसरी येत होती, पाळी बदलल्यासारखी.

“हे कुठून निघत्यात रे?” आप्पा पुटपुटले. त्यांनीच एकेकाला दंडाला धरून नेलं होतं.

तेवढ्यात आप्पांच्या जिवात जीव आला. खराडी-वाघोलीला फ्लॅट घेऊन राहिलेले पुतणे गाड्या घेऊन आले. आप्पांनी ठेवणीतली माणसं म्हणून त्यांना बोलावलं होतं. एकेक गाडीतून उतरला, वाकून पाया पडला, शुभांगीवहिनींना ‘बेस्ट लक’ म्हणाला, मिसळ खाल्ली.

“आता चला, मत टाका.”

पुतणे एकमेकांकडं बघायला लागले. थोरला म्हणाला, “आप्पा, मत तिकडं आहे आमचं. पोरांच्या शाळेच्या वेळेस सगळे कागद तिकडचे केले ना.”

“मग आला कशाला?”

“तुम्ही बोलावलं म्हणून. सपोर्टला.”

आप्पांनी त्या क्षणी जो आवाज काढला तो माणसाचा नव्हता. रांगेतला एक बिहारी पोरगा दचकून पुढच्याच्या अंगावर पडला. बाहेरची सगळी आत आली होती आणि आतली बाहेर गेली होती, आणि मध्ये फाटकाशी आप्पा उभे, डोक्यावर टोपी.

मतमोजणी शिरूरला झाली. आकडा सांगत नाही, आप्पांना लागेल. घाटावर बसून निकाल सांगणारा माणूस त्या दिवशी निकाल ऐकायला गेला आणि ऐकून परत येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. आप्पांची गाडी एवढी शांत चाललेली हायवेनं पहिल्यांदा बघितली.

पुढं मी दुकान दौंडला हलवलं. सामान टेम्पोत भरत होतो त्या संध्याकाळी आप्पांना शेवटचं पाहिलं. चाळीसमोर उभे होते. मंगलताई दारात बसून लसूण सोलत होत्या. सत्कार झाला होता, हाराचा चुरा अजून उंबऱ्यावर पडलेला. आप्पा ओरडत होते, पण आवाजाला आता पहिला जोर नव्हता. हायवेवरच्या एकाही गाडीवाल्यानं गाडी बाजूला घेतली नाही.

“समदं घेतलं तुम्ही! गाव घेतलं, वॉर्ड घेतला! भावकी गेली फ्लॅटात! आयुष्यभर लोकांच्या दहाव्याला उन्हातान्हात बसलो मी! आता मी मेल्यावर माझ्या दहाव्याला कोण येणार? तुम्ही?”

मंगलताईंनी सोललेली पाकळी ताटलीत टाकली.

“रविवार असला तर येऊ, आप्पा.”